दोन धोपे आणि मधातली भिंत

लग्न होऊन मी दिग्रसला आले, त्याच आठवड्यात शेजारचे एक गृहस्थ नव्या सुनेला बघायला आले. अंगात पांढरं बनियन, खाली पट्ट्यापट्ट्यांचा पायजमा, हातात फुगलेली कापडी पिशवी. मी पदर सावरून वाकले आणि नमस्कार केला. आशीर्वाद द्यायचा सोडून त्यांनी माझ्या मागे टीपॉयवर ठेवलेल्या भल्यामोठ्या गुच्छाकडे बोट दाखवलं आणि विचारलं, "येची भाजी होते काय?"

मी वळून गुच्छाकडे बघितलं. सासूबाई आतून म्हणाल्या, "नाही होत, भाऊजी."

"मंग कायले आनला?" असं म्हणून त्यांनी पिशवीतली वांगी टीपॉयवर गुच्छाच्या शेजारी ओतली. ती इकडेतिकडे गडगडत गेली. दारापर्यंत जाऊन मागे वळले आणि म्हणाले, "सुखी राहा."

तर हे नाना. आमच्या घराला आणि त्यांच्या घराला एकच भिंत, कंबरेइतकी. ती भिंत कंबरेइतकी आहे हा बिल्डरचा दोष. पुरुषभर असती तर माझी निम्मी लाज वाचली असती.

नाना सरकारी कचेरीत हेडक्लार्क होते. जन्मभर लोकांच्या हजेऱ्या तपासल्या. निवृत्त झाल्यावर तपासायला माणसं उरली नाहीत, म्हणून त्यांनी झाडं धरली. नानांच्या लेखी झाडांच्या दोनच जाती. एक कामावरची आणि दुसरी पाव्हनी. वांगी, भेंडी, ढेमसं, बरबटी, अंबाडी ही सगळी कामावरची. गुलाब, शेवंती, क्रोटन, पाम ही पाव्हनी. "खातात, पेतात, ऊन घेतात अन् पडून राह्यतात," नाना म्हणायचे. "जाचं नावच नाही."

एवढ्यावर थांबले असते तरी चाललं असतं. पण हा प्रश्न ते सगळ्या जगाला विचारत. कोपऱ्यावरच्या डॉक्टरांनी हौसेनं लॉन केलं, तर कुंपणाबाहेर उभे राहून, "डॉक्टर, येची भाजी होते काय?" आमच्या घरी नवी गाडी आली. सासूबाई तिला हळदकुंकू लावताहेत, माझे यजमान सुधीर चाकाखाली लिंबू ठेवताहेत, आणि भिंतीवरून आवाज आला, "येची भाजी होते काय?" मी शिकवते त्या शाळेत एकदा वृक्षारोपण होतं. पाहुणे ऐनवेळी आले नाहीत. मुख्याध्यापिका म्हणाल्या, तुमच्या शेजारी कुणी झाडांचे जाणकार आहेत ना? मी मूर्ख, नानांना घेऊन गेले. सगळी शाळा रांगेत उभी. नानांनी गुलमोहराचं रोप हातात घेतलं, उलटसुलट करून पाहिलं आणि माइकमध्ये तोंड घालून मुख्याध्यापिकांना तोच प्रश्न विचारला. पोरांनी जो काही दंगा केला! नंतरचं वर्षभर माझ्या वर्गात कविता आली, व्याकरण आलं, काहीही आलं की मागच्या बाकावरून कुणीतरी हळूच म्हणायचं, "मॅडम, येची भाजी होते काय?" लाजेनं मी खडूसारखी पांढरी व्हायचे.

पण एक सांगायलाच पाहिजे. आमच्या लेआउटमध्ये, म्हणजे कॉलनीत, नानांची भाजी न खाल्लेलं घर नव्हतं. रोज सकाळी पिशवी घेऊन निघायचे. कुणाला भेंडी, कुणाला अंबाडीची जुडी, कुणाला नुसता कढीपत्ता. पैशाचं नाव काढलं तर रागवायचे. फक्त एक खोड होती. पिशवी फाटकाला अडकवून कधीच जायचे नाहीत. बेल वाजवायचे आणि दार उघडेपर्यंत उभे राहायचे. मी आंघोळीला असले, सासूबाई पूजेला असल्या, तरी नाना दारात. मग भाजी हातात द्यायची, ती कशी करायची ते सांगायचं, कुणाकडे काय झालं ते सांगायचं, "चहा नको, चहा नको" म्हणत चहा प्यायचा. शाळेची वेळ झालेली असायची, इकडे माझा डबा राहिलेला असायचा, आणि नाना गवारीच्या शिरा काढण्यावर बोलत असायचे. मी मनात म्हणायचे, फाटकाला अडकवून जा ना हो, काय बिघडतं!

नानांची बायको, म्हणजे आमच्या काकू, पुण्यात होत्या. मुलाला बाळ झालं तेव्हा 'महिनाभर जाऊन येते' म्हणून गेल्या आणि बाळ आता शाळेत जायला लागलं. नानाही एकदा गेले होते. लगेच परत आले. "बाल्कनी हाय तिथं," त्यांनी सांगितलं. "बाल्कनीत मनीप्लांट हाय. आता तूच सांग सूनबाई, मनीप्लांटची भाजी होते काय?"

मला स्वतःला शोभेच्या झाडांची हौस. दोन वर्षांपूर्वी यवतमाळच्या एका नर्सरीतून मी एक झाड आणलं. इकडे ज्याला आम्ही धोपा म्हणतो आणि पुण्यामुंबईकडे अळू म्हणतात, त्याचाच हा शोभेचा भाऊ. पान हत्तीच्या कानाएवढं, देठ काळाभोर, वर अशी चकाकी की पाण्याचा थेंब ठरत नाही. दर वर्षी नव्यानं लावायची कटकट नाही, एकदा लावलं की वर्षानुवर्षं राहतं. फक्त खायचं नाही, असं नर्सरीवाल्यानं बजावलं होतं. मी ते भिंतीला लागून लावलं. आणि भिंतीच्या पलीकडे, बरोब्बर त्याच जागी, नानांचा भाजीचा धोपा होता. काळ्या देठाचाच. वड्यांना तोच चांगला.

झालं! नानांना आयुष्याचा उद्योग मिळाला. रोज संध्याकाळी भिंतीपाशी उभे राहून ते दोन धोप्यांची तुलना करायचे.

"पाह्य सूनबाई. माह्याचा देठ काळा, तुह्याचाबी काळा. माह्याचं पान मोठं, तुह्याचं त्याच्याहून मोठं. मानलं. पन माहा धोपा रोज कोनाच्या ना कोनाच्या ताटात जाते. अन् तुहा? लग्नात रुसलेल्या जवायासारखा नुसता उभा हाय!"

"नाना, पाहिलं की बरं वाटतं."

"मले नाही वाटत बाप्पा. अन् हा कोनाच्या घरी जाते काय? नाही जात. इथंच उभा राह्यते."

माझी नागपूरची मैत्रीण आली होती. ती माझ्या धोप्यासोबत फोटो काढत होती, तेव्हा नानांनी भिंतीवरून स्वतःच्या धोप्याचं पान वर धरलं आणि म्हणाले, "याच्यासंगंबी काढा एखादा. यानं काय पाप केलं?" मैत्रीण पोट धरून हसली. मी मात्र कुठं तोंड लपवू असं झालं होतं.

आता यंदाच्या महालक्ष्म्यांचं सांगते. पुण्यामुंबईकडे ज्यांना गौरी म्हणतात त्या आमच्याकडे महालक्ष्म्या, आणि हा दिवाळीपेक्षा मोठा सण. दुसऱ्या दिवशीच्या जेवणाला सोळा भाज्या लागतात, पुरण लागतं, आंबील लागते आणि धोप्याच्या वड्या तर लागतातच. हे दोन दिवस म्हणजे नानांचं राज्य. लेआउटमधल्या ज्या ज्या घरी महालक्ष्म्या बसतात, तिथली ढेमसं, कोहळं, दोडके, बरबटी, सगळं नानांकडून. आमच्याकडे तर वड्यांची पानं दर वर्षी त्यांचीच. यंदा पहाटे भुरभुर पाऊस होता. आभाळ इतकं भरलेलं की उजाडल्यासारखं वाटतच नव्हतं. त्या अंधारातच नाना ओलेचिंब होऊन आले आणि पानांची मोठी जुडी सासूबाईंच्या हातात दिली.

"घ्या वैनी. यंदा धोप्यानं कमालच केली. येवढे येवढे पानं!"

पानं खरंच मोठी होती. सासूबाई खूश झाल्या. बेसन, चिंच, गूळ, तीळ लावून वड्या वळल्या, उकडल्या, तळल्या. आम्ही दोघींनी त्यांच्या देखणेपणाचं इतकं कौतुक केलं की विचारू नका.

पंगतीला सुधीरचे नवे साहेब बायकोसह आले होते. अमरावतीहून बदलून आलेले, गंभीर, कमी बोलणारे. त्यांच्या शेजारी नाना. नैवेद्य झाला, आरती झाली, पंगत बसली. नानांनी पहिल्याच घासाला साहेबांच्या ताटाकडे बघितलं. "घ्या, घ्या साहेब, वडी घ्या. घरचा धोपा हाय." साहेबांनी एक घेतली. नानांनी वाढणारीला थांबवून आणखी दोन टाकायला लावल्या.

पहिल्यांदा साहेबांच्या बाई खोकल्या. मग कोपऱ्यावरचे डॉक्टर खोकले. मग अख्खी पंगत. घशात कुणी कुसळं पेरल्यासारखी खवखव. आणि आमच्याकडची रीत अशी की महालक्ष्म्यांच्या प्रसादाचं ताटात टाकायचं नाही. टाकलं तर पाप. तेव्हा डोळ्यांतून पाणी वाहतंय, कान लाल झालेत, तरी एकेक माणूस निष्ठेनं वडी संपवतोय! साहेब तर तीनही वड्या खाऊन बसले. नंतर त्यांनी काहीतरी बोलायला तोंड उघडलं, पण आवाजच बाहेर आला नाही.

सगळ्यांत जास्त वड्या नानांनीच खाल्ल्या होत्या.

"वैनी," ते घसा धरून म्हणाले, "कायतरी चावते हो."

"नाना, धोपा तुमचाच ना?" डॉक्टरांनी कसंबसं विचारलं.

"माहाच," नाना म्हणाले. आणि मग सगळ्यांचा खोकला ऐकून त्यांच्या लक्षात आलं, आपण काय म्हणालो ते. ते उठले, महालक्ष्म्यांच्या मुखवट्यांसमोर हात जोडले, "माफ कर माय" म्हणाले आणि मान खाली घालून घरी गेले. चिंच-गूळ आणि दह्यानं संध्याकाळपर्यंत सगळ्यांचे घसे ताळ्यावर आले. साहेब दुसऱ्या दिवशी ऑफिसात बोललेसुद्धा. पण सुधीरशी नाही बोलले.

लेआउटच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर मजा सुरू झाली. 'नाना आले, मफलर बांधा.' 'येची भाजी होते काय? होते, पण डॉक्टर सोबत ठेवा.' लोकांनी हसरे चेहरे टाकले. मीही एक टाकला. टाकल्यावर आठवलं की नानाही त्या ग्रुपमध्ये आहेत.

दुसऱ्या दिवशी सकाळी बेल वाजली. मी खिडकीच्या फटीतून पाहिलं. नाना. हातात नेहमीची पिशवी, पण जरा खाली धरलेली. मी दाराकडे निघाले, तेवढ्यात सासूबाई आतून ओरडल्या. त्यांना कमी ऐकू येतं, त्यामुळे त्यांचं कुजबुजणंही चौकापर्यंत जातं. "नाना असन! घरी कोनी नाही म्हनून सांग!"

मी कडीवर हात ठेवून जागच्या जागी थिजले. दाराबाहेरून नाना म्हणाले, "बरं बरं. कोनी नाही तं येतो मी मंग." आणि चपला सरपटत गेल्याचा आवाज.

आई ग! एवढी लाज मला माइकमधल्या गुलमोहराच्या वेळीही वाटली नव्हती. आणि या वेळी ती नानांची नव्हती, आमची होती.

त्यानंतर बेल वाजायची बंद झाली. आमचीच नाही, कुणाचीच. माझा डबा वेळेवर होऊ लागला. शाळेत मी वेळेवर पोचू लागले. आणि मला करमेना.

एका सकाळी झाडांना पाणी घालताना माझ्या लक्षात आलं की भिंतीपाशी काहीतरी ओकंबोकं दिसतंय. पाहते तर माझ्या धोप्याचं एकही मोठं पान नाही. नुसते देठांचे खुंट. सगळे तिरपे कापलेले, आणि मधलं कोवळं पान तेवढं शिल्लक ठेवलेलं. असं कापणारा अख्ख्या दिग्रसमध्ये एकच माणूस. माझ्या धोप्याची पानं वाकून भिंतीपलीकडे गेली होती, आणि त्या पहाटे नानांनी आपली समजून तीच कापली होती.

मी भिंतीवरून पलीकडे डोकावले. नानांच्या धोप्याचा वाफा रिकामा होता. सगळी झाडं कंदांसकट उपटून कोपऱ्यात ढीग घातलेला. पानं सुकून काळी पडली होती. बिचाऱ्या धोप्याला नानांनी कामावरून काढून टाकलं होतं.

मी तशीच ओल्या हातानं फाटकातून गेले आणि त्यांची बेल वाजवली. किती तरी वेळानं आतून आवाज आला, "घरी कोनी नाही."

"नाना, मी आहे. दार उघडा."

दार उघडलं. नानांनी दाढी केलेली नव्हती. मी चौकटीतच सगळं सांगून टाकलं. पानं तुमची नव्हती, माझी होती, तुमच्या धोप्यानं काही केलं नाही.

नाना वाफ्याकडे वळले. "म्हंजे त्याची चूक नव्हती," ते म्हणाले. "अन् मी त्याले उपटून टाकलं. येवढे वर्षं राबला बिचारा."

"पण नाना, रोज तर तुम्ही दोघांची तुलना करता. फरक कळला नाही तुम्हाला?"

नाना पायजम्याला हात पुसत राहिले. मग म्हणाले, "तोंडाजवळ आनल्याबिगर मले काही दिसतच नाही आजकाल. हातानं चाचपून तोडतो. हाताले दोघं सारखेच लागले. रोज तुले फरक सांगत होतो अन् फरक मलेच नाही समजला. पाह्य काय लाज हाय!"

"मग सांगितलं का नाही कुणाला? मोतीबिंदू असेल. काढता येतो."

"मोतीबिंदूची भाजी होते काय?" नानांनी हसायचा प्रयत्न केला, पण जमलं नाही. "सांगितलं असतं तं पोरगा पुन्याले घेऊन गेला असता. अन् इथं लोक म्हनतीन, बुढ्याले दिसत नाही, काय तोडून आनलं काय माहीत. मंग भाजी कोन घेईन?"

"नाही घेतली तर नाही घेतली. तुम्हाला कुठं पैसे मिळतात?"

नाना माझ्याकडे असे बघायला लागले, जणू पोरीला साधी गोष्टही समजत नाही.

"भाजी नाही घेतली तं दार कायले उघडतीन वं? आता तुहा धोपा घेऊन मी कोनाच्या दारी गेलो, का हे पान पाहा, किती देखनं हाय. तं लोक म्हनतीन, बुढा पागल झाला. दार लावून घेतीन. अन् वांगे घेऊन गेलो तं म्हनतात, या नाना, बसा नाना, चहा घ्या." ते थांबले. "भाजी घेऊन गेलं का दार उघडते. म्हनून मी विचारतो."

इतकी वर्षं त्या प्रश्नानं मी लाजत होते. त्या प्रश्नाचा अर्थ हा होता! मला त्यांच्याकडे बघवेना. फाटकाला पिशवी अडकवून जा, असं मी किती सकाळी मनात म्हटलं होतं. घड्याळाकडे बघत किती वेळा चहा समोर आदळला होता. आणि तो हसरा चेहरा.

"नाना, त्या दिवशी सासूबाई जे बोलल्या..."

"वैनीचा आवाज अजून खनखनीत हाय," नाना म्हणाले. "चांगली गोष्ट हाय."

"उद्या या घरी," मी म्हटलं. "भाजी नको. नुसते या."

"खाली हात कोनी कोनाच्या घरी जाते काय?" नाना म्हणाले आणि दार हळूच लावून घेतलं.

मी घरी येऊन सासूबाईंना आणि सुधीरला सगळं सांगितलं. सासूबाई देवघरात जाऊन बसल्या. सुधीरनं यवतमाळच्या डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नंबर लावला. मी कोपऱ्यातल्या त्या ढिगातून जिवंत दिसणारे कंद निवडले आणि भिंतीच्या माझ्या बाजूला, माझ्या धोप्यापासून चांगले दूर, पुरून टाकले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी डबा भरत होते. बेल वाजली. मी जाऊन दार उघडलं.

नाना उभे होते. इस्त्रीचा सदरा घातलेला, दाढी केलेली. पिशवी नव्हती. पिशवीशिवाय हातांचं काय करायचं ते त्यांना कळत नव्हतं. एकदा पाठीमागे नेले, एकदा पुढे बांधले, मग खिशात घातले. माझ्याकडे न बघता ते उंबऱ्याकडे बघत होते.

"कोन हाय?" सासूबाई आतून ओरडल्या.

"नाना आहेत."

"काय आनलं?"

नानांची मान आणखी खाली गेली. कानापर्यंत लाल झाले. "काही नाही वैनी," ते हळूच म्हणाले. "खालीच हात आलो."

एवढं हळू बोललेलं सासूबाईंना एरवी कधी ऐकू येत नाही. त्या दिवशी कसं आलं कोण जाणे.

"मंग आत या ना भाऊजी!" त्या अख्ख्या लेआउटला ऐकू जाईल असं ओरडल्या. "दारात कायले उभे राह्यले?"

नानांनी चपला काढल्या आणि चाचपडत उंबरा ओलांडला. मी चहा टाकायला आत पळाले. मला रडू येत होतं, आणि ते नानांना दिसलं नसतं, पण सासूबाईंना दिसलं असतं.